ठासलेली वाळू

ज्ञानूतात्या आमच्या शेजारी राहायचा. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तो मोल्डर होता. वितळलेलं लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा साचा ओल्या काळ्या वाळूत करावा लागतो, ते त्याचं काम. पेटीत वाळू भरायची, ठोकणीनं ठासायची, पट्टीनं सपाट करायची, परत भरायची. उमेदीची सगळी वर्षं यातच गेली. त्याच्या तळहाताच्या रेषांत बसलेलं काळं कुठल्याच साबणानं निघत नसे. जेवायला बसला की बायडाकाकी, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "भाकरी जरा हळू दाबा. साचा न्हाई घालायचा तिचा."

२००४ च्या दिवाळीनंतर त्या फाउंड्रीत साचे करणारं मशीन आलं आणि हातानं साचे करणारे घरी बसले. तात्या तेव्हा पन्नाशीला टेकला होता. छातीत धूळ गेलेली. जरा भरभर चालला की श्वासातून शिट्टी वाजायची. दुसऱ्या फाउंड्र्यांच्या गेटवर जाऊन आला. लोक त्याचं बोलणं ऐकायचे, मग त्याचा श्वास ऐकायचे आणि "कळवतो" म्हणायचे.

काकीच्या डाव्या अंगावरून त्याच्या आदल्या वर्षीच वारं गेलं होतं. बोलणं शाबूत राहिलं, उजवा हात राहिला, बाकीची ती खाटेला खिळली. तिला कुशीवर वळवणं, न्हाऊ घालणं, वेणी घालणं, सगळं तात्याच करायचा. मूलबाळ नव्हतं. घर म्हणजे शहाबादी फरशीची एक खोली. तीतच चूल, तीतच खाट.

काकीचे थोरले भाऊ हंबीरराव पेठ वडगावजवळ राहायचे. त्यांच्याकडं जीप होती, ऊस होता, चार ठिकाणी ओळखी होत्या. त्यांनी तात्यासाठी काम बघून ठेवलं. तासगावकडं बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोअरेजवर रखवालदाराची जागा होती. राहायचं तिथंच, गेटजवळच्या खोलीत, एकट्यानं. काकीला ते माहेरी नेणार होते.

"दाजी, हितं बसून काय करणार? तिचं आमच्याकडं हुईल. तिची वयनी हाय की बघायला."

"वयनीस्नी हिला कुशीवर वळवाय येतंय?"

"शिकंल की."

खाटेवरून काकी म्हणाली, "दादा, मला वयनीच्या हातनं न्हाऊन घ्यायचं न्हाई."

हंबीरराव वाईट माणूस नव्हते. बहिणीचं घर बुडताना त्यांना दिसत होतं आणि जे सुचलं ते ते करत होते. तात्या म्हणाला, "मला नागपंचमीपतोर थांबू द्या. मी कोंबड्या पाळतो. एमआयडीसीच्या गेटावर अंडाबुर्जीचे गाडे हायत. अंड्यावर घर चालवून दावतो."

हंबीरराव हसले नाहीत. "बरं. पंचमीला मी बहिणीला न्यायला येणारच. तवा अंडी दिसली तर मी गप बसंन. न्हाई दिसली तर ही जीपमधी आणि तुमी तासगावच्या एस्टीत. मग कुणी रडायचं न्हाई."

काकीच्या कानातली फुलं मोडून गिरिराज जातीची पिल्लं आली. पहिले काही आठवडे ती काकीच्या खाटेखाली, खोक्यात, बल्बच्या उबेला होती. काकी उजव्या हातानं खाटेवरून दाणे टाकायची आणि रोज त्यांना शिव्या द्यायची. उन्हाळा संपत आला तशी पिल्लांच्या तलंगा झाल्या, म्हणजे अंड्यावर यायच्या वयाच्या कोंबड्या. आता त्यांना घरात ठेवणं शक्य नव्हतं आणि मोकळं सोडणंही, कारण आमच्या गल्लीत कुत्री होती आणि मागच्या उसात मुंगसं.

पलीकडच्या आण्णाचा टेम्पो होता. त्यानं हूड नवा केला होता, म्हणून जुना सांगाडा घरामागं गंजत पडलेला. लोखंडी पाइपांच्या पाच कमानी आणि खाली चौकट.

"ने की," आण्णा म्हणाला. "लई वरसं गूळ वाहिला त्यानं, आता कोंबड्या वाहू दे. फकस्त रिव्हर्स घेताना हॉर्न मार."

तात्यानं तो सांगाडा घराच्या मागच्या भिंतीला लागून, काकीच्या खिडकीशेजारी बसवला. खाली कमरेएवढे विटांचे खांब उभे केले, त्यांवर चौकट ठेवून चारही कोपरे अँगलनं जखडले. आता आत माणूस ताठ उभा राहू शकत होता. चारी बाजूंनी जाळी मारली. मुंगूस उकरून आत येऊ नये म्हणून ती जमिनीत हातभर पुरली. कमानींवर टेम्पोचीच जुनी ताडपत्री. तिच्या प्रत्येक भोकाला त्यानं सायकलच्या ट्यूबचं ठिगळ सोल्युशननं चिकटवलं, दोन्ही बाजूंनी. तिच्यावर गावातल्या एका होतकरू पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. शाई उन्हात निघू नये म्हणून छापील बाजू त्यानं खाली घातली. ताडपत्री जिथं आखूड पडत होती तिथं कोंबड्यांनी वर बघितलं की गॉगल घातलेला, हात जोडलेला माणूस दिसायचा.

"तात्या," आण्णा म्हणाला, "ह्या आता अंडी न्हाई देणार, मतं देणार."

आमच्याकडं पावसाची झड पश्चिमेकडून येते, आडवी, वाऱ्याबरोबर. त्या बाजूनं तात्यानं तेलाच्या बॅरलचे पत्रे उभे कापून, चेपून सपाट करून लावले आणि सांध्यांत गरम डांबर भरलं. पूर्वेची बाजू हवेसाठी मोकळी सोडली, तिथं फक्त बारदानाचे पडदे केले, वर गुंडाळता येतील असे. भोवतीनं चर खणला. मी तेव्हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो. मला त्यात नाव ठेवायला काही सापडलं नव्हतं, आजही छपराबद्दल सापडत नाही.

राहिली जमीन. तिथली माती काळी, पावसात घोट्याएवढा चिखल होणारी. तिच्यावर काहीतरी टाकणं भाग होतं आणि काय टाकायचं हा आमच्या गावात प्रश्नच नसतो. फाउंड्र्या वापरून झालेली काळी वाळू ट्रॉल्या भरभरून बाहेर टाकतात. आमची अंगणं तिनंच उंच झालीत, बोळांतले खड्डे तिनंच भरलेत. तात्यानं ती आत टाकली. आणि टाकून तो थांबला नाही. घरी कुठंतरी ठेवलेली ठोकणी त्यानं काढली आणि थर देत देत, कडेनं मध्यापर्यंत, ती वाळू ठासली. मग पट्टी फिरवून सपाट केली. कुणी त्याला तसं करायला सांगितलं नव्हतं. वाळू समोर आल्यावर तिचं दुसरं काय करायचं हे त्याच्या हातांना माहीतच नव्हतं.

खिडकीतून काकी म्हणाली, "बगा बाई, कोंबड्यास्नी गुळगुळीत फरशी."

"आयुष्यभर हिनंच पोसलं," तात्या म्हणाला. "आता ह्यास्नीबी पोसंल."

मग त्यानं आत पाट टाकून बसकण मारली आणि आण्णाला बाहेरून घागरी ओतायला लावल्या. वरून, पश्चिमेकडून, कमानींच्या सांध्यांवर. आत एक थेंब आला नाही. तात्या बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा सणासारखा दिसत होता. उन्हाळ्याचे शेवटचे दिवस तलंगांनी त्यात मजेत काढले. वरची वाळू उकरून त्यात अंग घुसळायच्या, पिसं झाडायच्या.

आखाड लागला. आखाडात आमच्याकडं जत्रा असतात, घरोघरी कोंबडं शिजतं, पुढं श्रावण असतो म्हणून. सकाळपासून तात्याच्या दारात माणसं यायला लागली.

"पावणं, एक तरी द्या."

"इकायच्या न्हाईत. अंड्याच्या हायत."

आण्णानं त्याला बाजूला घेतलं. "आत्ता इकून टाक. एका दमात सगळ्या जात्यात. पाऊस काय बोलून येतोय व्हय?"

"इकल्या तर पंचमीला काय दावू? रिकामं खुराडं?"

आण्णाला ते पटलं. मलाही पटलं.

त्या वर्षी जुलैच्या शेवटी जो पाऊस लागला तो कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. २००५. झड थांबेचना. पंचगंगेचं पाणी पुलाजवळ महामार्गावर आलं आणि कोल्हापूर शहर आम्हाला तुटलं. आमचं नागाव उंचावर, त्यामुळं घरात पाणी शिरलं नाही. पण हवेतच एवढं पाणी होतं की काड्यापेटी पेटत नव्हती.

पहिल्यांदा एक तलंग पंख पाडून कोपऱ्यात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिच्या जोडीला आणखी काही. विष्ठेत रक्त दिसायला लागलं. नखांभोवती काळे, कडक गोळे धरले होते. तात्या एकेकीला मांडीवर घेऊन ते खिळ्यानं फोडून काढायचा आणि सकाळी परत तेवढेच असायचे. जनावरांच्या डॉक्टरचा दवाखाना पुलाच्या पलीकडं. गावातल्या मेडिकलमधून कसलीशी पूड आणून पाण्यात घातली. कोंबड्या पाणीच पीत नव्हत्या.

तात्याला वाटलं, छप्पर गळतंय. दिवसभर तो छपराखाली मान वर करून फिरला. एक थेंब नव्हता. मग वाटलं, ओल हवेतून येतेय. त्यानं पूर्वेचे पडदे सोडले. त्यांच्यावर प्लॅस्टिक मारलं. जाळीच्या फटींत चिंध्या कोंबल्या. जितक्या कोंबड्या मरत, तितकं तो आणखी एक भोक बुजवी. मेलेल्या पोत्यात घालून उसाच्या कडेला पुरायचा आणि येताना कुठून तरी नवं प्लॅस्टिक घेऊन यायचा. आमच्याशी बोलणं त्यानं बंद केलं. मी एकदा विचारलं, "तात्या, आत हवा नको का?" तर माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच पाऊस आणला होता.

काकी खिडकीतून सगळं ऐकत होती. पडदे सोडल्यापासून तिला आतलं दिसत नव्हतं, पण वास यायचा.

"अवो, ते बारदान तरी उघडा. माझं हितं डोळं झोंबाल्यात. त्यांचं आत काय होत असंल?"

"उघडलं की झड आत येती."

"आता येत न्हाई नव्हं?"

"थेंब न्हाई."

"मग आत वलं कसं हाय?"

तात्या आत गेला आणि उकिडवा बसला. मी जाळीबाहेर उभा होतो. त्यानं नखांनी जमीन उकरून मूठभर वाळू घेतली, मूठ आवळली आणि उघडली. बोटांचे ठसे जसेच्या तसे उमटलेला काळा गोळा तळहातावर होता. त्यानं दोन्ही हातांच्या चिमटीत धरून तो मोडला. मधोमध, स्वच्छ, धारदार कडांनी त्याचे दोन तुकडे झाले.

मोल्डर वाळूची परीक्षा अशीच करतात. गोळा नीट मोडला म्हणजे वाळूत ओल बरोबर आहे, साचा घालायला घ्या.

"तयार हाय," तात्या म्हणाला. मग पुन्हा, अगदी हळू, "वाळू तयार हाय."

आज मी एका फाउंड्रीत वाळूचीच तपासणी करतो, त्यामुळं यातलं आता सांगू शकतो. या वाळूत बेंटोनाइट नावाची चिकणमाती मिसळलेली असते. तीच पाणी धरून ठेवते, तीच कणाला कण बांधते. वाळू वापरून जळलेली असली तरी या मातीचा बराच भाग तिच्यात शिल्लक असतो. बाहेरचं सगळं अंगणही याच वाळूचं. चरात साठलेलं पाणी जाळीखालून, ठासलेल्या थरातून कंदिलाच्या वातीसारखं आत चढत होतं आणि खाली निचऱ्याला वाट नव्हती. त्यावर पन्नासेक कोंबड्यांची विष्ठा, आणि वरून सगळी भोकं बुजवलेली. दुसऱ्या कुणी नुसती वाळू पसरली असती तर थोडी तरी निभावली असती. तात्यानं ती साच्यासारखी ठासली होती.

तो तसाच बसून राहिला. अर्ध्याहून जास्त कोंबड्या गेल्या होत्या. पंचमी तोंडावर होती. मग त्यानं उठून पूर्वेचं प्लॅस्टिक फाडायला सुरुवात केली. पडदे, चिंध्या, सगळं ओरबाडून काढलं. झड त्या बाजूनं नव्हतीच. ती कधीच नव्हती.

राहिलेल्या कोंबड्या त्यानं घरात आणल्या, कोरड्या फरशीवर. पण एका खोलीत त्या, त्यांची घाण, चुलीचा धूर आणि काकी. थोड्याच वेळात काकीला खोकल्याची उबळ आली, ती थांबेना. तात्या एक कोंबडी परत बाहेर न्यायचा, एक आत आणायचा, दारात उभा राहून दोन्हीकडं बघायचा.

खोकला आवरल्यावर काकी म्हणाली, "मला बाहेर न्या."

"कुठं बाहेर?"

"त्या तुमच्या टेम्पोत."

"येडी हायस काय? तिथं वल हाय."

"वल खाली हाय. माझ्या खाटंला पाय हायत. छप्पर गळत न्हाई म्हणून तुमीच सांगत हिंडत हुतासा की गावभर. कोरडी जागा त्यास्नी द्या."

"लोक काय म्हणतील?"

"लोक माझी कूस वळवायला येत्यात?"

शेवटी आण्णानं आणि मी खाट उचलली. तात्यानं आतली वरवरची घाण खरडून बाहेर टाकली होती, चुन्याची पूड मारली होती. काकी पाठीवर झोपून वर बघत म्हणाली, "आरं, हा कोण हात जोडून उभा हाय?" आण्णा हसला. तात्या हसला नाही. तो घरात फरशीवर गुडघे टेकून एकेका कोंबडीच्या चोचीत चमच्यानं पाणी सोडत होता.

हंबीरराव पंचमीच्या आदल्या दिवशी आले. पाऊस भुरभुरत होता. ते आधी घरात शिरले, तर तिथं फरशीवर कोंबड्या. मग हाका मारत मागं आले आणि जाळीच्या आत, खाटेवर, त्यांना बहीण दिसली.

ते तात्यावर ओरडले.

"खुराड्यात घातलीसा? माझ्या बहिणीला खुराड्यात?"

"हंबीरराव, ऐकून तरी—"

"अंडी कुठं हायत?"

"न्हाईत."

"एक?"

"न्हाई."

"मग झालं." हंबीररावांनी टॉवेल कमरेला बांधला. "आण्णा, पाय धर. जीपमधी मागं गादी घातलीया."

"दादा, मीच म्हणलं हितं न्या म्हणून," काकी म्हणाली.

"तू गप. तुझं ऐकून ही दशा झाली."

आण्णा हलला नाही. हंबीरराव एकटेच आत शिरले आणि खाटेच्या डोक्याशी वाकले. त्यांनी खाट उचलली, तेव्हा काकीनं उजवा हात लांब केला आणि कमानीचा पाइप धरला. खाट कलली. सगळा सांगाडा करकरला, वर साठलेलं पाणी धबकन मागं सांडलं.

"सोड."

"न्हाई सोडत."

"बायडा, पडशील. सोड म्हणतो न्हवं!"

"पडू दे."

तिच्या अंगात हलत होतं ते तेवढंच. पाच बोटं. हंबीररावांनी एका हातानं खाट पेलत दुसऱ्या हातानं त्यातलं एक बोट सोडवलं. ते सुटलं. त्यांनी दुसऱ्याला हात लावला आणि तिच्या तोंडाकडं बघितलं. मी त्यांच्या मागं होतो, मला तिचं तोंड दिसलं नाही. हंबीररावांचा हात तिथंच थांबला. मग त्यांनी खाट हळूच खाली ठेवली.

"तासगावची जागा उद्या दुसऱ्याला जाती," ते तात्याला म्हणाले. "मी परत कुणाला शब्द टाकणार न्हाई. आणि हिला काय झालं तर मला सांगाय येऊ नका."

तात्या म्हणाला, "व्हय."

जीप बोळातून मागं गेली. तिचा आवाज फाट्यापर्यंत येत होता. मला वाटलं होतं, तात्याला सुटल्यासारखं वाटेल. पण तो घाबरला होता. इतके दिवस, काहीच नाही जमलं तर तासगाव तरी आहे, असं एक दार उघडं होतं. तेही आता बंद झालं होतं. घरात राहिलेल्या कोंबड्यांपैकी काही माना टाकून बसल्या होत्या, काही उभ्या होत्या. त्यातली एकही अंडं देईल की नाही हे कुणाला माहीत नव्हतं.

तो फावडं घेऊन आत आला आणि खाटेपासून लांबच्या कोपऱ्यातून त्यानं खणायला सुरुवात केली. वाळू इतकी घट्ट बसली होती की फावडं आपटून मागं यायचं. त्यानं पहार आणली. ढेकळं निघायला लागली, साच्यातून काढल्यासारखी, चौकोनी. आण्णा घमेली भरून बाहेर टाकत होता, मी मागून पाणी निचरावं म्हणून मुरूम ओढत होतो. तात्याच्या छातीतली शिट्टी पावसापेक्षा मोठ्यानं ऐकू येत होती. काकी त्याला थांबा म्हणाली नाही.

खणत खणत तो खाटेपाशी आला आणि वळसा घालून पलीकडं जायला लागला.

"खाटंखालचीबी काढा," काकी म्हणाली. "मी हाय म्हणून ठेवू नका."

तात्यानं पहार बाजूला ठेवली, पोटावर पालथा पडला आणि हातांनी खाटेखालची वाळू उकरायला लागला.